हरणाऱ्या संघाचा गोलंदाज : पालवणकर बाळू

— द्वितीय वर्ष, कला शाखा

आपला संघ हरू लागला म्हणजे प्रेक्षकाच्या जिभेला हाड राहत नाही. भाताची कापणी उरकली, शेते मोकळी झाली की आपल्या शिळफाट्यापासून थेट कर्जतपर्यंत गावोगावी क्रिकेटचे सामने सुरू होतात. गावाचा पहिला फलंदाज शून्यावर बाद झाला की बांधावर बसलेली म्हातारी माणसेसुद्धा त्याचा उद्धार करतात. गोलंदाजाच्या एका षटकात तीन षटकार गेले की त्याच्या सात पिढ्यांची आठवण निघते. भारताचा संघ परदेशात हरतो तेव्हा हीच चर्चा नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर होते. फलंदाज कुचकामी आहेत, गोलंदाजांच्या अंगात दम नाही, कर्णधाराला डोके नाही, सगळ्यांना घरी बसवा, असा निकाल चहा संपेपर्यंत लागलेला असतो.

हा राग खोटा नसतो. ज्याला संघ आपला वाटतो तोच रागावतो. परक्याच्या हरण्याने कोण कशाला जीव जाळील? परंतु या रागाची एक अडचण आहे. मैदानावर जो चुकतो तो आपल्याला दिसतो, ज्याला मैदानावर येऊच दिलेले नाही तो दिसत नाही. संघ दुबळा का झाला याचे उत्तर पुष्कळदा या न दिसणाऱ्या माणसापाशी असते. भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळात असा एक माणूस होऊन गेला. तो मैदानावर आला, पण फार उशिरा आणि अर्धाच. त्याचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराण्याचे मूळ कोकणातले, पालवण गावचे. म्हणून आडनाव पालवणकर. जात चर्मकार. त्या काळी या एका शब्दात माणसाचे सारे भविष्य लिहिलेले असे. देवळाची पायरी, पाणवठा, शाळेतली बसण्याची जागा, सारे त्याच्या जन्माआधीच ठरलेले. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे कुटुंब पुण्यास आले. पुण्याची छावणी म्हणजे साहेबांचे गाव. साहेब लोक संध्याकाळी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू गोळा करून बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम यांनी हा खेळ शिकून घेतला. पुढे गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही नामवंत खेळाडू झाले. एका गरीब घरातून चार क्रिकेटपटू निघाले ते असे, दुसऱ्यांच्या उष्ट्या साहित्यावर.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा आणि सभासदांना वाटले तर त्यांना चार चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात लागले. तेथे पगार चार रुपये झाला. काम तेच, त्यात जाळ्या उभारणे आणि टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारणे यांची भर पडली. येथे सरावाच्या वेळी साहेबांना गोलंदाजी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. बाळू डाव्या हाताने मंदगती फिरकी टाकीत. चेंडूला उंची किती द्यायची, टप्पा कोठे पाडायचा, वळण केव्हा द्यायचे आणि केव्हा सरळ सोडायचा, हे सारे त्यांनी त्या जाळीत स्वतःच्या स्वतः शोधून काढले. शिकवायला गुरू नव्हता. समोर बाद होणारा साहेब हीच पाटी आणि हाच धडा.

त्या क्लबात कॅप्टन ग्रेग हा मोठा फलंदाज होता. आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून तो जंगली ग्रेग म्हणून ओळखला जाई. बाळूंनी बाद केले की दर वेळी तो त्यांना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. चार रुपये पगाराच्या माणसाला आठ आणे म्हणजे महिन्याच्या कमाईचा आठवा हिस्सा! ही कथा खरी असो वा नसो, एक गोष्ट नक्की. ग्रेग आणि इतर साहेब बाळूंच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करून उत्तम फलंदाज झाले. परंतु सरावाच्या त्या जाळीत बाळूंच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही. फलंदाजी ही सरदारकी आणि गोलंदाजी ही मजुरी, असा त्या काळचा रिवाज होता. घाम गाळायचा तो नोकराने, धावा काढायच्या त्या मालकाने.

या गोष्टीचा परिणाम पुढे आकड्यांत दिसतो. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १७९ बळी मिळवले आणि प्रत्येक बळीसाठी सरासरी अवघ्या पंधरा धावा दिल्या. ही कामगिरी कोणत्याही काळात थोरच म्हटली पाहिजे. फलंदाजीत मात्र त्यांची सरासरी चौदाच्याही खाली राहिली. केवळ धावफलक वाचणारा म्हणेल की माणसाला फलंदाजी येत नव्हती. पण ज्याच्या हाती तरुणपणी सरावाला बॅटच लागली नाही, त्याने ती कोठे आणि केव्हा शिकावी? मला वाटते, सराव नाकारायचा आणि मग जमत नाही म्हणून नावे ठेवायची, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. ज्या घरातला पहिलाच मुलगा वा मुलगी कॉलेजची पायरी चढते, त्या घराला या खोडीची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

बाळूंची कीर्ती पुण्यातील हिंदू खेळाडूंच्या कानांवर गेली तेव्हा त्यांच्यापुढे पेच पडला. साहेबांना हरवायचे तर साहेबांच्या फलंदाजांची सारी मर्मे जाणणारा हा गोलंदाज हवा. पण तो अस्पृश्य! संघात घ्यावे की घेऊ नये यावर बराच वाद झाला. तेलुगू मंडळी अनुकूल होती, ब्राह्मण सभासदांपैकी अनेकांचा विरोध होता. अखेर जिंकण्याची हौस सोवळ्यावर मात करून गेली आणि बाळू संघात आले. तथापि हा प्रवेश मैदानापुरताच होता. मैदानावर सारे एकाच चेंडूला हात लावीत. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू तंबूत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे. ज्या हाताने बळी मिळवले त्या हाताचा स्पर्श कपाला चालत नव्हता!

असे असूनही बाळूंनी आपले काम चोख केले. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धचा सामना त्या काळी फार गाजला. बाळूंच्या फिरकीची धार बोथट व्हावी म्हणून तेथील खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवून ती दगडासारखी केली होती, असे सांगतात. तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला. या विजयानंतर न्यायमूर्ती रानडे यांनी आपल्या लोकांना सुनावले, की ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता त्याच्याबरोबर खाणेपिणे का चालू नये, अशी नोंद इतिहासकारांनी केली आहे. लोकमान्य टिळकांनीही पुण्यातील सभेत बाळूंचा गौरव केला. एका चर्मकार तरुणाच्या चेंडूने पुण्यातील थोरामोठ्यांना जातीविषयी बोलायला लावले, ही लहान गोष्ट नव्हती.

१८९६ साली पुण्यात प्लेग आला आणि गावेच्या गावे ओस पडू लागली. या सुमारास बाळू मुंबईस गेले. पुण्याहून मुंबईला जाणारी आगगाडी बोरघाट उतरून आपल्या कर्जतवरूनच पुढे जाते. तेव्हा हा थोर गोलंदाज आपल्या तालुक्यातून कितीदा तरी गेला असेल आणि कुणी त्याला ओळखलेही नसेल. मुंबईत त्यांनी रेल्वेत नोकरी धरली. तेथील हिंदू जिमखान्यातही प्रवेशाचा तोच वाद पुन्हा झाला. काही सभासद विरोधात होते, पण कर्णधार कीर्तिकरांनी आग्रह धरला आणि बाळू जिमखान्याकडून खेळू लागले.

त्या वेळच्या मुंबईकर हिंदू प्रेक्षकाची मनःस्थिती समजून घेतली पाहिजे. पारशी मंडळींनी १८९० सालीच इंग्लंडहून आलेल्या व्हर्नन यांच्या संघाला हरवून नाव कमावले होते. हिंदू संघ मागे पडला होता. फलंदाजी टिकत नाही आणि गोलंदाजी चावत नाही, ही तक्रार तेव्हाही होती. अशा स्थितीत फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांच्यात सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या आणि युरोपियनांना १९१ धावांत गुंडाळले. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० धावा झाल्या. मग बाळू आणि त्यांचा जोडीदार इराशा यांच्यापुढे युरोपियनांचा डाव १०२ धावांत संपला. हिंदू १०९ धावांनी जिंकले! या संघात शिवरामही होते. बंगालच्या फाळणीने देश पेटला होता, स्वदेशीची चळवळ जोरात होती. त्यामुळे राज्यकर्त्यांच्या संघाला मैदानावर हरवल्याचा आनंद क्रिकेटपुरता राहिला नाही. इंडियन सोशल रिफॉर्मर या पत्राने तर या विजयाचे श्रेय जातीची भिंत बाजूला सारण्याला दिले. खेळाडू निवडताना सोवळे सोडले म्हणून संघ जिंकला, हा धडा तेव्हाच लिहिला गेला होता. तो आपण किती वाचला हा प्रश्न वेगळा.

यानंतर बाळूंच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कसोटी आली. १९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाला. खेळाडूंची निवड करताना पारशी, हिंदू आणि मुसलमान अशी वाटणी केली होती. कर्णधार म्हणून पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांना नेमले. वय वीसच्या आसपास. क्रिकेटची आवड त्यांना होती, परंतु ते वर्ष पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्याभिषेकाचे. लंडनमध्ये मेजवान्या आणि समारंभ यांची रेलचेल होती. महाराज थोडेच सामने खेळले. संघातील नावाजलेले फलंदाज कर्नल मिस्त्री हे महाराजांच्या सेवेत असल्यामुळे तेही बहुतेक सामन्यांत उपलब्ध नव्हते. कर्णधार नाही, मुख्य फलंदाज नाही. अशा स्थितीत तो संघ अनुभवी काउंटी संघांपुढे उभा राहिला.

जे व्हायचे तेच झाले. जूनअखेरपर्यंत पराभवांची माळ लागली. डावामागून डाव कोसळत होते. हजारो मैलांवर मुंबईत तारेने येणाऱ्या बातम्या वर्तमानपत्रांत छापून येत आणि वाचकांची निराशा वाढत जाई. ज्यांनी संघाला निरोप देताना हार घातले होते, तेच आता हा संघ कशाला पाठवला म्हणून विचारू लागले असतील. आजच्या चाहत्याला हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. दौऱ्यात एकंदर २३ सामने झाले. त्यांपैकी १५ हरले, ६ जिंकले आणि २ अनिर्णित राहिले. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांत तर फक्त २ विजय मिळाले.

परंतु या हरणाऱ्या संघातून एक माणूस न हरता उभा होता. पस्तिशी ओलांडलेल्या बाळूंनी दुखऱ्या खांद्याने दौराभर गोलंदाजी केली आणि एकंदर ११४ बळी मिळवले. त्यांतले ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले होते. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावात १०३ धावा देऊन त्यांनी आठ जणांना बाद केले, तरीही संघ हरला. अखेर जुलैमध्ये लेस्टरशायरविरुद्ध पहिला मोठा विजय मिळाला आणि त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. सॉमरसेटविरुद्धचा सामना एका गड्याने जिंकला तो शिवराम यांच्या नाबाद शतकामुळे. म्हणजे संपूर्ण दौऱ्याची अब्रू ज्या दोन विजयांनी राखली, त्या दोन्ही विजयांना पुण्याच्या छावणीत टाकाऊ चेंडूंवर वाढलेल्या या भावांचा हात लागला होता. संघ संपूर्ण दुबळा होता असे कसे म्हणावे? त्यात गुण होता. तो गुण वरच्या जागी नव्हता, एवढेच.

वरच्या जागेचा प्रश्न पुढे दहा वर्षे धुमसत राहिला. १९१२ पासून मुंबईत युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान यांच्यात चौरंगी सामने होऊ लागले. हिंदू संघाचा सर्वांत अनुभवी आणि यशस्वी खेळाडू बाळू. मग कर्णधार कोण? १९१३ साली एम. डी. पै यांची निवड झाली. पै सज्जन होते. हा मान बाळूंना मिळायला हवा होता असे त्यांनी आपल्याच सत्काराच्या सभेत मोकळेपणी सांगितले. पण निवड करणारे बधले नाहीत. १९२० साली तर पै आजारी असताना कर्णधारपद पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेले आणि बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. देवधरही थोर खेळाडू, त्यात शंका नाही. परंतु या वेळी विठ्ठल आणि शिवराम यांनी मान तुकवली नाही. जातीमुळे आमच्यावर अन्याय होतो असे जाहीर करून दोघे संघाबाहेर पडले. लोकांतही याची मोठी चर्चा झाली. शेवटी पै परत आले, बाळूंना उपकर्णधार केले आणि भाऊ संघात परतले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही काळ का होईना, बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. जन्मभराच्या कामगिरीला मिळालेले हे कर्णधारपद काही तासांचे होते.

पूर्ण मान मिळाला तो धाकट्या भावाला. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने चौरंगी सामने जिंकले. ज्या दाराशी मोठा भाऊ मातीच्या भांड्यात चहा पीत उभा राहिला, त्याच दारातून धाकटा भाऊ संघापुढे चालत गेला. पुढे विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले.

मैदान सुटल्यावर बाळू राजकारणात आले. दलित समाजात त्यांना मोठा मान होता आणि तरुण आंबेडकरांनाही त्यांच्या पराक्रमाचा अभिमान होता. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघांच्या वादात बाळू गांधीजींच्या बाजूने उभे राहिले. पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेबांचा विजय हा समाजाचा कौल होता आणि तो योग्यच होता. पण दोघांनी एकच जखम सोसली होती, औषध मात्र दोघांचे वेगवेगळे होते, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

भारताने पहिला कसोटी सामना जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर खेळला तेव्हा बाळूंनी पन्नाशी ओलांडली होती. त्यामुळे कसोटीच्या नोंदवहीत त्यांचे नाव नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. रणजी आणि दुलीप या राजपुत्रांच्या नावाने स्पर्धा सुरू झाल्या, त्या योग्यच आहेत. परंतु बाळूंचे नाव लोकांच्या जिभेवरून हळूहळू पुसले गेले. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील आपल्या ग्रंथात त्यांची कहाणी विस्ताराने मांडली, तेव्हा कोठे नव्या पिढीला त्यांची ओळख झाली.

विद्यार्थी मित्रहो, बाळूंचे चरित्र वाचल्यावर मला आपले गावचे सामने वेगळे दिसू लागले आहेत. सीमारेषेपलीकडे ओढ्यात, काट्यांत गेलेला चेंडू आणून देण्यासाठी कातकरी आणि ठाकूर वाड्यांवरची मुले उभी असतात. लांबून फेकलेला त्यांचा चेंडू थेट यष्टिरक्षकाच्या हातात पडतो. आपण वाहवा म्हणतो आणि पुन्हा आपल्या अकरा जणांना शिव्या द्यायला लागतो. गलोलीने उडता पक्षी टिपणाऱ्या त्या हाताला एक षटक टाकून पाहू द्यावे असे आपल्याला सुचत नाही. संघ तर हरतोच आहे. मग बिघडायचे काय राहिले?

प्रेक्षकाने जरूर रागवावे. संघ आपला आहे, रागही आपलाच आहे. फक्त शून्यावर बाद झालेल्या गड्यावर तो संपवून टाकू नये. संघ कुणी निवडला, कुणाला सोडून निवडला, बॅट कुणाच्या हाती कधीच दिली नाही आणि चहाच्या वेळी कोण बाहेर उभे होते, हेही एकदा मोठ्याने विचारावे. १९११ साली मुंबईत तारा वाचून संतापलेल्या लोकांनी हे विचारले असते, तर कदाचित बाळूंना कर्णधारपदासाठी आणखी नऊ वर्षे आणि तेही केवळ काही तासांसाठी थांबावे लागले नसते.